कापूसतळणीचा थांबा : शकुंतला रेल्वेच्या लहान स्थानकांची कहाणी

रेल्वेच्या परिभाषेत ज्याला ‘हॉल्ट’ म्हणतात आणि मराठीत ज्यासाठी ‘थांबा’ हा साधा शब्द वापरला जातो, ती स्थानकांच्या उतरंडीतील शेवटची पायरी होय. पुढचा मार्ग मोकळा आहे याची शेजारच्या स्थानकाकडून खात्री करून घेतल्यावरच जिथून गाडी सोडली जाते, त्या ठिकाणांना ब्लॉक स्थानके म्हणतात आणि कामाच्या पद्धतीनुसार त्यांचे ए, बी, सी असे वर्ग पाडलेले असतात. जिथे अशी कोणतीही यंत्रणा नसते आणि गाडी केवळ माणसांची चढउतार व्हावी एवढ्यासाठीच उभी राहते, ती ठिकाणे डी वर्गात जमा होतात, आणि त्यांपैकीही ज्यांचे उत्पन्न स्टेशनमास्तरचा पगार भागवण्याइतके नसते त्यांच्या वाट्याला हॉल्ट हे नाव येते. अशा ठिकाणी बहुधा गावातलाच एखादा कंत्राटी एजंट मोठ्या स्थानकातून तिकिटांचा गठ्ठा आगाऊ घेऊन येतो, गाडीच्या वेळेपुरती खिडकी उघडतो आणि विक्रीवर ठरलेले कमिशन घेतो. जिथे तेवढेही परवडत नाही तिथे गाडीचा गार्डच खाली उतरून तिकिटे देतो. इतिहासाच्या ग्रंथांत अशा थांब्यांना जागा मिळत नाही, कारण तिथे घडण्यासारखे काही नसते अशी समजूत आहे. विदर्भातील शकुंतला रेल्वेच्या बाबतीत ही समजूत मुळातून तपासून पाहण्यासारखी आहे.

‘शकुंतला’ हे नाव वेळापत्रकातले नव्हे, लोकांनी दिलेले आहे. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे भुसावळ–नागपूर या मुख्य मार्गावरील जंक्शन, आणि तिथून नॅरोगेजचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतराच्या अरुंद रुळांचे दोन शाखामार्ग फुटत असत. एक उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अचलपूरकडे ७६ किलोमीटर जाई आणि दुसरा आग्नेयेला कारंजा, दारव्हा मार्गे यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर. अचलपूरच्या वाटेवर लाखपुरी, बनोसा, लेहगाव, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट अशी स्थानके लागत. यांतले बनोसा हे दर्यापूरचे, म्हणजे तालुक्याच्या गावाचे स्थानक, आणि अंजनगाव म्हणजे ते अंजनगाव सुर्जी, जिथे ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. बाकीची गावे शेतकऱ्यांची. त्यांतही कापूसतळणी या गावाने आपल्या नावातच या रेल्वेचे प्रयोजन लिहून ठेवले आहे, म्हणून या मार्गाचा इतिहास सांगताना त्या थांब्यावर उभे राहून पाहणे सोयीचे पडते.

वऱ्हाडचा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर दशकाच्या आतच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस १८६१ ते १८६५ या काळात जवळजवळ थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला कधी नव्हे तो भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची ‘जीआयपी’, याच प्रदेशातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. पाठोपाठ १८७० आणि १८७१ च्या सुमारास खामगाव आणि अमरावती या कापसाच्या दोन बाजारपेठांना मुख्य मार्गाशी जोडणारे छोटे फाटे टाकले गेले, आणि खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या अचलपूर, दर्यापूर, कारंजा, यवतमाळ या पट्ट्यातला माल मात्र पुढची चार दशके बंडीनेच, म्हणजे बैलगाडीनेच, स्थानकापर्यंत येत राहिला. पावसाळ्यात वऱ्हाडच्या काळ्या मातीत बंडीचे चाक आसापर्यंत रुतते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या चार दशकांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०२ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिले आणि लगेच त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. या स्थिरतेनंतर खासगी भांडवल शाखामार्गांकडे वळले. मुंबईतील किलिक निक्सन या व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली आणि पुढच्या काही वर्षांत मूर्तिजापूरहून दोन्ही दिशांना रूळ पडले. त्या काळच्या शाखामार्ग कंपन्यांची सर्वसाधारण रीत अशी की, भांडवल कंपनीने उभारायचे, गाड्या मुख्य मार्गाच्या रेल्वेने चालवायच्या आणि उत्पन्नातून चालवण्याचा खर्च वजा जाता उरलेला वाटा कंपनीच्या भागधारकांना द्यायचा. सरकारला ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याचा हक्क अशा करारांत राखून ठेवलेला असे. वऱ्हाडातल्या या मार्गाच्या पुढच्या सगळ्या दैवाची बीजे त्या कलमांत होती.

रूळ अरुंद का टाकले, याचे उत्तर खर्चात आहे. मुख्य मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे या रुळांच्या दुपटीहून अधिक रुंद. त्यांना रुंद भराव, मजबूत पूल, वजनदार लोखंड आणि मोठी वळणे लागतात. अरुंद गेजला हलके रूळ चालतात, वळण आखूड घेता येते, जमीन कमी लागते आणि पूलही लहान बांधता येतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेवर याच ७६२ मिलिमीटर गेजचा प्रयोग करून दाखवला होता, आणि वजन अनेक चाकांवर नीट विभागले तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो हे त्याने सिद्ध केले होते. महाराष्ट्रातील लहान रेल्वेंचा विचार बार्शीला वगळून करता येत नाही. मात्र या काटकसरीची एक किंमत होती, आणि ती मूर्तिजापुरात दररोज मोजावी लागे: अरुंद गेजची वाघीण, म्हणजे मालडबा, रुंद रुळांवर जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे.

कपाशीच्या बोंडातून निघालेला कच्चा माल म्हणजे बियांसकट कापूस. त्यातून जिनिंगच्या यंत्रात सरकी, म्हणजे बी, वेगळी केली की वजनाने साधारण एक तृतीयांश रुई उरते आणि दोन तृतीयांश सरकी. सैल रुई डब्यात भरली तर जागा अडते आणि वजन काही भरत नाही, म्हणून ती प्रेसमध्ये दाबून तिच्या पट्ट्या आवळलेल्या गाठी करतात. आज भारतात एक गाठ १७० किलोची धरली जाते. त्यामुळे जिनिंग–प्रेसिंगचे कारखाने रेल्वेच्या आसऱ्याला येतात आणि रेल्वे कारखान्यांच्या. गाठी मूर्तिजापूरला गाडी बदलून मुंबईला, आधी कुलाब्याच्या आणि नंतर शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनच्या बाजारात पोहोचत आणि तिथून गिरणीत किंवा जहाजावर जात. कापूसतळणीसारख्या ठिकाणचा शेतकरी त्या साखळीच्या पहिल्या कडीशी उभा होता. त्याच्या शेतात पिकलेल्या बोंडाला समुद्रापर्यंतचा लोखंडी रस्ता मिळाला, आणि त्याच रस्त्याने मुंबईच्या भावाची चढउतारही त्याच्या घरात शिरली. या रेल्वेने शेतकऱ्याला समृद्ध केले की बाजाराच्या हवाली केले, या प्रश्नाचे एकच उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या मार्गाची जमीनही समजून घेतली पाहिजे. मूर्तिजापूरहून उत्तरेला निघालेला रूळ लाखपुरीजवळ पूर्णा नदी ओलांडतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, कारण इथल्या भूगर्भातले पाणी क्षारयुक्त आहे. विहीर खोदली तरी ते पिण्यास आणि ओलितास फारसे उपयोगी पडत नाही. वाफेच्या इंजिनालाही असे पाणी मानवत नाही, कारण क्षार बॉयलरच्या नळ्यांवर थरांनी चिकटतात आणि उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. वर काळ्या मातीचा स्वभाव असा की, ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. रुळाखालचा भराव या मातीचा असेल तर तो वर्षातून दोनदा हलतो, रुळाची पातळी बिघडते आणि गँगमनला पुन्हापुन्हा खडी ठोकून ती जुळवावी लागते. देखभाल थोडी ढिली पडली की आधी गाडीचा वेग उतरवावा लागतो आणि मग पावसाळ्यात गाडीच थांबवावी लागते. शकुंतलेच्या संथपणाची जी कौतुकाची वर्णने पुढे छापून आली, त्यांच्या मुळाशी ही माती होती. ७६ किलोमीटरच्या अचलपूर शाखेवर प्रवासाला चार तास लागत, ते गाडीच्या स्वभावाने नव्हे तर रुळाच्या अवस्थेमुळे.

स्वातंत्र्यानंतर जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली, बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली, पण शकुंतलेचा मार्ग कंपनीच्याच नावावर राहिला. गाड्या मध्य रेल्वेच्या, कर्मचारी मध्य रेल्वेचे आणि रूळ कंपनीचे, अशी ही विभागणी होती. त्यावरून ‘इंग्रजांच्या मालकीची भारतातली शेवटची रेल्वे’ हे वाक्य तयार झाले आणि ते वर्तमानपत्रांतून इतक्या वेळा फिरले की आता ते खरे मानले जाते. वस्तुस्थिती अशी की, किलिक निक्सन ही पेढी इंग्रजांनी स्थापन केलेली असली तरी स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांच्या हाती आली, त्यामुळे मार्गाच्या उत्पन्नातला वाटा लंडनला जात असे हे चित्र चुकीचे आहे. मुदत संपताच विकत घेण्याचा सरकारचा हक्क वापरला गेला नाही आणि जुना करार पुढे ओढला जात राहिला, ही यातली खरी गोष्ट. परकीय मालकीची गोष्ट ऐकायला रंगतदार आहे, पण ती सांगितली की दोष दूरच्या इंग्रजाच्या माथी जातो आणि दुर्लक्षाची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. ज्या रुळाचा मालक एक आणि वापरणारा दुसरा, त्याच्यावर पैसा ओतायला दोघांपैकी कोणीच पुढे येत नाही, हे समजायला कायद्याच्या अभ्यासाची गरज नाही. सामाईक विहिरीचा गाळ कोण काढणार, हा प्रश्न प्रत्येक गावाला माहीत आहे.

या काळात मार्गाचे रूपच पालटले. मालमोटार शेतातून किंवा खरेदी केंद्रावरून थेट गिरणीपर्यंत जाऊ लागली, वाटेत गाठ उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी वाचली, आणि ज्या कापसासाठी रूळ टाकले होते तो कापूस रुळावरून उतरला. उरली ती माणसे. आठवडी बाजाराला निघालेल्या बाया, मजुरीसाठी जाणारे भूमिहीन, शाळा–कॉलेजची मुले, दवाखान्यात निघालेले म्हातारे अशा प्रवाशांसाठी ही गाडी चालू राहिली, कारण तिचे भाडे एसटीच्या तुलनेत कितीतरी कमी होते. मालासाठी बांधलेली रेल्वे अखेरच्या अर्धशतकात गरिबांची सवारी बनली, आणि हे कोणत्याही धोरणात लिहिलेले नसताना घडले, ही शकुंतलेच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना मानली पाहिजे. संत गाडगेबाबा याच परिसरातले. त्यांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा आणि बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याचे. ज्या उपेक्षित माणसांसाठी बाबांनी आयुष्य वेचले, तीच माणसे या डब्यांत बसत होती.

मधल्या स्थानकांचे कामकाज याच काळात पूर्णपणे हॉल्टच्या पातळीवर आले. जिथे शाखेवर एका वेळी एकच गाडी असते, तिथे समोरून दुसरी गाडी येण्याचा संभवच नसतो, म्हणून सिग्नल आणि ब्लॉक यंत्रांशिवायही वाहतूक सुरक्षित चालवता येते; रेल्वेच्या नियमांत या पद्धतीला ‘वन ट्रेन ओन्ली’, म्हणजे एकच गाडी पद्धत, असे नाव आहे. गाडीबरोबरची मोजकी माणसेच सगळे काही करीत. फाटक आले की गाडी अलीकडे उभी राही, एक जण उतरून रस्त्यावरचे फाटक बंद करी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येऊन चढे आणि मग गाडी पुढे निघे. थांब्यावर गार्ड उतरून तिकिटे देई, सामान चढल्याची खात्री करी आणि हिरवा झेंडा दाखवी. टोकाच्या स्थानकावर इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडण्याचे कामही याच माणसांचे. रेल्वेच्या इतर ठिकाणी ज्या कामांसाठी पाच निरनिराळ्या पदांची माणसे नेमलेली असतात, ती इथे दोघा–तिघांनी वर्षानुवर्षे निभावली, आणि त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

या मार्गावरचे वाफेचे इंजिनही असेच दीर्घायुषी ठरले. झेडडी वर्गाचे, १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले इंजिन सुमारे सत्तर वर्षे या रुळांवर धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. झेड हे अक्षर भारतीय रेल्वेत ७६२ मिलिमीटर गेजची खूण आहे. इंजिन बदलले, तरी रूळ, पूल आणि भराव पूर्वीचेच राहिले. २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात या मार्गाच्या ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांच्या, रूपांतराला सुमारे १५०० कोटी रुपयांची मंजुरी जाहीर झाली. त्यानंतरच्या काही वर्षांतच आधी यवतमाळच्या आणि मग अचलपूरच्या शाखेवरची गाडी थांबली, आणि कापूसतळणीसारखे सगळे थांबे एकदमच निरुपयोगी झाले. दरम्यान वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचे काम पुढे सरकले आणि त्यातील वर्धा ते कळंब या टप्प्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी सुरू झाली, म्हणजे यवतमाळकडे नवी रेल्वे मूर्तिजापूरच्या बाजूने न येता वर्ध्याच्या बाजूने येत आहे.

बंद पडलेल्या मार्गावर सर्वांत आधी नाहीसे होते ते थांब्याचे सामान. जंक्शनची इमारत दुसऱ्या कामाला लागते, पूल भंगाराच्या निविदेपर्यंत तरी टिकतो, पण थांब्याजवळ टिकण्यासारखे फारसे काही नसतेच. जमिनीला जवळजवळ टेकलेला कच्चा फलाट, खाली पायरी असलेली एखादी खोली, हात जेमतेम आत जाईल एवढी तिकिटाची खिडकी, सावलीचा निंब आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत गावाचे नाव लिहिलेली पाटी, एवढीच त्याची मालमत्ता. फलाट शेतात मिसळतो आणि खोलीची कौले कोणाच्या तरी गोठ्यावर जातात. पुठ्ठ्याची जाड तिकिटे, ज्यांवर कुठून कुठे आणि किती पैसे हे आधीच छापलेले असे आणि तारीख लोखंडी यंत्रात दाबून उठवली जात असे, ती तर प्रवास संपताच परत द्यावी लागत, त्यामुळे घरांत उरलेली तिकिटे फार थोडी.

मार्ग पुन्हा सुरू व्हावा म्हणून मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या भागांतून मागणी होत आली आहे, आणि ती केवळ आठवणींच्या ओढीतून येते असे समजणे अन्यायाचे ठरेल. स्वस्त आणि भरवशाच्या प्रवासाची गरज खारपाणपट्ट्यातील गावांना आजही तितकीच आहे. रूपांतर झालेच, तर नवा भराव उंच असेल, वळणे मोठी असतील आणि स्थानके कदाचित कमी असतील, म्हणून कोणत्या गावांना पुन्हा थांबा मिळणार हा प्रश्न आराखडा पक्का होण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. जुन्या थांब्यांची यादी, त्यांची ठिकाणे आणि तिथून होणारी ये–जा यांची नोंद या कामी उपयोगी पडेल. कापूसतळणी, लेहगाव, पथ्रोट, लाखपुरी या गावांतील ज्यांच्या घरी या गाडीचे एखादे तिकीट, रेल्वेत नोकरी केलेल्या वडिलांचा बिल्ला, स्थानकासमोर काढलेला फोटो किंवा जिनिंग कारखान्याची जुनी पावती असेल, त्यांनी ती गावच्या वाचनालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात दाखवून तिची प्रत तिथे ठेवावी, आणि ज्यांनी या गाडीवर काम केले ते हयात आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्यावे.